स्ट्युअर्ट घराण्याचें मूळ : दंतकथा आणि दानपत्रें

ऋषीचें कूळ आणि नदीचें मूळ शोधूं नये, असें आपल्याकडे म्हणतात. या म्हणींत शहाणपण आहे, तसा थोडा धाकही आहे. मूळ शोधूं जावें तों एखादा क्षुल्लक ओहोळ हातीं लागावा, आणि नदीला हात जोडणाऱ्याचें मन खट्टू व्हावें, असें पुष्कळदां घडतें. परंतु ही म्हण मोडणें हा इतिहाससंशोधकाचा धर्मच आहे. ती कशी मोडावी आणि मोडतांना कोणती मर्यादा पाळावी, याचा एक नमुना म्हणून जॉन होरेस राउंड या इंग्रज पंडितांचा स्ट्युअर्ट घराण्याच्या मुळाविषयींचा निबंध आम्ही वाचकांपुढें ठेवूं इच्छितों. इ. स. १९०१ सालीं निघालेल्या त्यांच्या 'स्टडीज इन पिअरेज अँड फॅमिली हिस्टरी' या ग्रंथांत तो आहे. त्याच्या जोडीला प्राध्यापक जॉफ्री बॅरो यांचा 'दि अँग्लो-नॉर्मन इरा इन स्कॉटिश हिस्टरी' हा १९८० सालचा ग्रंथही विचारांत घेतला पाहिजे. कारण राउंड जेथें थांबले तेथून पुढची वाट बॅरो यांनीं दाखविली आहे.

स्कॉटलंडांतील एका घराण्याच्या कुळकथेशीं आपला संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो शेक्सपिअरच्या 'मॅक्बेथ' नाटकानें जोडलेला आहे. हें नाटक आपल्या महाविद्यालयांतून पिढ्यान् पिढ्या शिकविलें गेलें. शि. म. परांजपे यांच्या 'मानाजीराव' मधून आणि पुढें वि. वा. शिरवाडकर यांच्या 'राजमुकुट' मधून तें मराठींतही आलें. त्यांतील बँको हा सेनापति आमच्या वाचकांस चांगला परिचयाचा आहे. तो स्वतः राजा होणार नाहीं, पण त्याचे वंशज राजे होतील, असें चेटकिणी त्याला सांगतात. मॅक्बेथ त्याला मारवितो; परंतु त्याचा मुलगा फ्लीअन्स अंधारांत निसटून जातो, आणि चौथ्या अंकांत बँकोच्या वंशांतील आठ राजांची रांग मॅक्बेथच्या डोळ्यांपुढून सरकते. हें नाटक लिहिलें गेलें त्या सुमारास, म्हणजे १६०६ च्या आसपास, लंडनच्या सिंहासनावर स्ट्युअर्ट कुळांतला पहिला जेम्स बसलेला होता. स्कॉटलंडचा हा सहावा जेम्स १६०३ सालीं इंग्लंडचाही राजा झाला. तेव्हां ती राजांची रांग कोणाच्या समाधानासाठीं होती हें निराळें सांगावयास नको.

मॅक्बेथ हा इतिहासांतला पुरुष आहे. त्यानें १०४० पासून १०५७ पर्यंत स्कॉटलंडवर राज्य केलें. डंकनही इतिहासांतलाच. या दोघांच्या शेजारीं बँको उभा असल्यामुळें तोही इतिहासांतलाच असावा अशी पुष्कळ सुशिक्षितांची समजूत असते. वास्तविक बँकोचें नांव त्याच्या समजल्या जाणाऱ्या काळांतील एकाही लेखांत नाहीं. उपलब्ध ग्रंथांत तो प्रथम भेटतो तो हेक्टर बोईस याच्या १५२७ सालच्या लॅटिन इतिहासांत, म्हणजे मॅक्बेथच्या मृत्यूनंतर पावणेपांचशें वर्षांनीं. बोईस हा ॲबरडीन येथील किंग्ज कॉलेजचा प्रमुख होता. त्याच्या ग्रंथावरून ही कथा हॉलिन्शेड याच्या १५७७ सालच्या बखरींत आली, आणि हॉलिन्शेडच्या बखरीवरून शेक्सपिअरनें ती घेतली.

बोईसची कथा अशी : फ्लीअन्स पळून वेल्समध्यें गेला. तेथील राजकन्येशीं त्याचा संबंध जडला आणि तिला वॉल्टर नांवाचा मुलगा झाला. हा वॉल्टर मोठा झाल्यावर स्कॉटलंडांत परतला, राजाचा स्ट्युअर्ड, म्हणजे मुख्य कारभारी, झाला, आणि त्या हुद्द्यावरून त्याच्या वंशाला स्ट्युअर्ट हें नांव पडलें. कथा सुरस आहे आणि तिच्यांत एक खरा कणही आहे. कारण वॉल्टर नांवाचा कारभारी खरोखरच होऊन गेला. परंतु तो दंतकथेच्या काळानंतर तब्बल दोन पिढ्यांनीं स्कॉटलंडांत आला, आणि ११७७ सालीं वारला. मेलरोझ येथील मठाच्या बखरींत त्याच्या मृत्यूची नोंद आहे.

अशी दंतकथा कां निर्माण होते, हें समजून घेतल्याशिवाय तिचें खंडन अपुरें राहतें. सहावा कारभारी वॉल्टर यानें १३१५ सालीं रॉबर्ट ब्रूस राजाच्या मार्जरी या कन्येशीं विवाह केला, आणि त्यांचा मुलगा १३७१ सालीं दुसरा रॉबर्ट म्हणून गादीवर बसला. म्हणजे राज्य आलें तें आईच्या बाजूनें. बापाच्या बाजूनें पाहिलें तर हे राजे एका चाकराचे वंशज ठरत होते. राज्याभिषेक झाल्यावर घराण्याला अशा पूर्वजानें समाधान होत नाहीं. त्याला देशाच्या मातींतला, जुन्या राजवंशाशीं नातें सांगणारा, आणि शक्य तर अन्यायानें मारला गेलेला पूर्वज हवा असतो. दुसऱ्या रॉबर्टच्या काळींच जॉन बार्बर या कवीनें स्ट्युअर्टांची एक पद्यमय वंशावळ रचली होती. ती आज उपलब्ध नाहीं; पण गादी मिळतांच वंशावळ रचली जावी, हा क्रम बोलका आहे.

या दंतकथेवर शंका घेणारे राउंड हे पहिले नव्हेत, आणि त्यांचें श्रेय सांगतांना पूर्वसूरींचें ऋण विसरणें अन्यायाचें होईल. अठराव्या शतकांत लॉर्ड हेल्स यांनीं या कथेला पुरावा काय, असा सरळ प्रश्न केला. १८०७ सालीं जॉर्ज चामर्स यांनीं आपल्या 'कॅलिडोनिया' ग्रंथांत अर्धा उलगडा करून दाखविला : स्कॉटलंडचा कारभारी वॉल्टर हा इंग्लंडांतील श्रॉपशर परगण्यांत ऑस्वेस्ट्री येथें जमीन असलेल्या ॲलन फिट्झ फ्लाड याचा मुलगा, असें त्यांनीं सिद्ध केलें. फिट्झ म्हणजे पुत्र. फ्लाडचा पुत्र ॲलन आणि ॲलनचा पुत्र वॉल्टर अशी ही मालिका आहे. पण हा फ्लाड कोण? येथें चामर्स थांबले. श्रॉपशरचा विस्तृत इतिहास लिहिणारे आयटन यांनीं तर फ्लाड म्हणजेच फ्लीअन्स असावा, असें सुचवून दंतकथेला मागच्या दारानें पुन्हा घरांत घेतलें. आयटन हे साधेसुधे लेखक नव्हते. जमिनीच्या कागदांचा त्यांचा व्यासंग दांडगा होता. एवढ्या व्यासंगी पुरुषालाही नांवांच्या ध्वनिसाम्याचा मोह आवरला नाहीं, यावरून दंतकथेची पकड किती घट्ट असते तें दिसून येतें.

आतां राउंड यांची रीति पाहूं. ती समजण्यास त्या काळची जमिनीची व्यवस्था थोडी ध्यानांत घेतली पाहिजे. राजा सरदाराला जमीन देई ती ठराविक घोडेस्वारांच्या चाकरीच्या बोलीवर. सरदार त्याच जमिनीचे तुकडे आपल्या माणसांस तशाच बोलीवर देई. प्रत्येक देण्याचें पत्र होई, आणि पत्राखालीं साक्षीदारांचीं नांवें मानाच्या क्रमानें लिहिलीं जात. शिवाय आपल्या व आपल्या मातापितरांच्या आत्म्यास सद्गति मिळावी म्हणून प्रत्येक सरदार मठांना जमिनी देई. त्या दानपत्रांत बाप, भाऊ, बायको, मुलें यांचीं नांवें येत, आणि पुढच्या पिढीचा वारस त्या दानास पुन्हा मान्यता देई. मठ चिरंजीव असल्यामुळें हीं पत्रें टिकलीं. घराण्याच्या भाटानें कांहीं सांगितलें तरी ज्या मठाची जमीन त्या पत्रावर अवलंबून होती, त्याला भाटाच्या कवनाशीं कर्तव्य नव्हतें.

अर्थात् मठवासीही खोटीं पत्रें करीत. म्हणून एकट्या पत्रावर भिस्त ठेवतां येत नाहीं. परंतु तीन निरनिराळ्या देशांतील मठांनीं, निरनिराळ्या कारणांसाठीं, एकमेकांस न विचारतां जपलेलीं पत्रें जर एकच गोष्ट सांगूं लागलीं, तर ती नाकारणें कठीण. राउंड यांच्या निबंधाचें बळ या मेळांत आहे.

पहिला टप्पा स्कॉटलंडपासून श्रॉपशरपर्यंतचा. चौथा माल्कम राजा यानें ११६१-६२ च्या सुमारास वॉल्टरला दिलेल्या सनदेंत रेन्फ्र्यू, पेझ्ली, पॉलक, कॅथकार्ट, ईगल्शॅम, लॉखविनॉख, इनरविक इत्यादि जमिनींचीं नांवें येतात. त्या मूळच्या डेव्हिड राजानें दिलेल्या होत्या. माल्कमनें त्या कायम केल्या आणि कारभारीपद वंशपरंपरेचें करून दिलें. बदल्यांत पांच नाइटांची, म्हणजे पांच सशस्त्र घोडेस्वारांची, चाकरी ठरली. सरंजाम चाकरीपुरता आणि वतन वंशपरंपरेचें, हा भेद जाणणाऱ्या मराठी वाचकास या सनदेचें महत्त्व चटकन् कळेल. एका हुद्द्याचें वतन झालें तें या दिवशीं.

यानंतर ११६३ च्या सुमारास वॉल्टरनें मठ स्थापिला. तो प्रथम रेन्फ्र्यू येथें होता व लवकरच पेझ्ली येथें गेला. या मठासाठीं त्यानें साधु आणविले ते जवळपासच्या ठिकाणाहून नव्हेत, तर शेंकडों मैल दूर असलेल्या श्रॉपशरमधील वेन्लॉक मठांतून. पेझ्लीचा मठ ज्या संतांच्या नांवें अर्पण झाला, त्यांत वेन्लॉकची संत मिलबर्गा ही आहे. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याला या श्रॉपशरच्या संतिणीशीं कांहीं देणें-घेणें नव्हतें. माणूस दूर देशीं वतन करतो तेव्हां आपल्या गांवची देवता बरोबर नेतो. मिलबर्गा पेझ्लीला गेली ती अशी. उलट बाजूनें श्रॉपशरमधील हॉमंड मठाच्या पत्रांत विल्यम फिट्झ ॲलन याच्याबरोबर त्याचा भाऊ वॉल्टर साक्षीला दिसतो. या विल्यमचे वंशज पुढें ॲरंडेलचे अर्ल झाले. १३३६ च्या सुमारास त्यांच्यापैकीं रिचर्ड यानें स्कॉटलंडच्या कारभारीपदावर आपला वंशपरंपरेचा हक्क सांगून तो तिसऱ्या एडवर्डला एक हजार मार्कांस विकला. कायद्यानें हा हक्क पोकळच होता, कारण कारभारीपद धाकट्या भावानें स्वतः मिळविलेलें होतें. पण बोईसच्या आधीं जवळजवळ दोनशें वर्षें या दोन घराण्यांच्या भाऊबंदकीची आठवण जिवंत होती, एवढें या पोकळ व्यवहारानें सिद्ध होतें.

दुसरा टप्पा अवघड, आणि तो सर्वस्वी राउंड यांचा. त्यांनीं फ्रान्समधील दप्तरखान्यांत असलेल्या ब्रिटनसंबंधींच्या पत्रांचा सारसंग्रह १८९९ सालीं प्रसिद्ध केला होता. त्या कामांत सोमूर येथील सेंट फ्लोरेंट मठाचीं पत्रें त्यांच्या हाताखालून गेलीं. श्रॉपशरच्या ॲलननें इंग्लंडच्या नॉर्फक परगण्यांत स्पॉर्ल येथें जें लहानसें मठालय स्थापिलें, तें त्यानें या दूरच्या सेंट फ्लोरेंट मठाच्या शाखेच्या रूपानें दिलें. इंग्लंडांत एवढे मठ असतां हा मठ कां? वेल्सच्या सीमेवर मन्मथ येथेंही याच मठाची शाखा होती. ११०१ किंवा ११०२ सालीं तिच्या देवळाचा अर्पणविधि झाला, तेव्हां उपस्थित असलेल्या लोकांत 'कारभारी ॲलन याचा पुत्र फ्लाड' असें नांव नोंदलेलें आहे. आणि हा कारभारी ॲलन कुठला? फ्रान्सच्या वायव्येस असलेल्या ब्रिटनी प्रांतांतील डोल या धर्मपीठाचा. त्याच घराण्यांतील डोलचा कारभारी ॲलन १०९७ सालीं पहिल्या धर्मयुद्धास गेल्याची नोंद आहे. सेंट फ्लोरेंटचा त्या वेळचा महंत विल्यम हाही डोलच्या सरदार घराण्यांतलाच होता. ॲलनचा आणखी एक मुलगा जॉर्डन हा ब्रिटनींतील वारसा सांभाळीत असलेला आढळतो.

येथें गांठ सुटते. पहिला हेन्री राजा होण्यापूर्वीं नॉर्मंडीच्या पश्चिम भागांत होता. तेथून डोल जवळ. १०९१ सालीं त्याच्या भावांनीं त्याला माँ सें मिशेल येथें वेढिलें होतें, तें ठिकाणही डोलपासून लांब नाहीं. ११०० सालीं तो इंग्लंडचा राजा झाला, तेव्हां ब्रिटनींतील अनेक होतकरू मंडळी त्याच्याबरोबर आली आणि त्यांना जमिनी मिळाल्या. फ्लाड आणि ॲलन त्यांतले. म्हणून स्ट्युअर्टांचा पूर्वज लॉखाबरचा ठाणेदार बँको नव्हे, तर डोलच्या आर्चबिशपचा कारभार पाहणारा एक ब्रेटन गृहस्थ. ओहोळ सांपडला तो असा. तो स्कॉटलंडच्या डोंगरांत उगम पावत नाहीं, समुद्रापलीकडून येतो.

या निबंधाचा पहिला गुण म्हणजे त्यांतील क्रम. पुरावा जितका सांगतो तितकेंच पाऊल टाकावयाचें, पुढचें पाऊल नव्या पुराव्यावर, हा नियम लेखकानें कोठेंही सोडलेला नाहीं. दुसरा गुण धैर्याचा. सरदार घराण्यांना आपल्या वंशावळींचा ताठा असलेल्या काळांत त्यांनीं हें लिहिलें, आणि त्याच ग्रंथांत रसेल व स्पेन्सर या घराण्यांच्या कुळकथांनाही तीच कसोटी लावली. दोषही सांगितला पाहिजे. राउंड यांची लेखणी कडवट आहे. फ्रीमन या इतिहासकारांशीं त्यांचा वाद तर गाजलेलाच आहे. प्रतिपक्ष्याची चूक दाखविण्यापेक्षां त्याला खजील करण्यांत त्यांना अधिक गोडी वाटते. सत्य सांगतांना इतका उपहास लागत नाहीं. दानपत्रें स्वतःच पुरेशीं बोलकीं असतात.

परंतु आमचा मुख्य आक्षेप याहून निराळा आहे. मूळ म्हणजे काय, हा प्रश्न राउंड यांनीं जुन्या भाटांकडून जसाच्या तसा घेतला. भाट विचारीत, बापाचा बाप कोण? राउंडही तेंच विचारतात. उत्तर मात्र खरें देतात. बँकोच्या जागीं डोलचा ॲलन बसला, रांग तशीच राहिली. मग एक फसवी कल्पना सहज डोकावते कीं, डोल येथें घराणें कारभारी, स्कॉटलंडांतही कारभारी, तेव्हां तो हुद्दा जणूं रक्तांतूनच उतरला असावा. हें खरें नव्हे. डोलचें कारभारीपद आर्चबिशपचें आणि स्कॉटलंडचें राजाचें. वॉल्टरला तें डेव्हिड राजाच्या कृपेनें मिळालें. नांवांच्या ध्वनिसाम्यानें आयटन फसले. हुद्द्यांच्या साम्यानें आपण फसूं नये.

वॉल्टर स्कॉटलंडला गेला कां, याचेंही उत्तर वंशावळींत नाहीं, जमिनींत आहे. पहिल्या हेन्रीच्या मृत्यूनंतर त्याची कन्या माटिल्डा आणि भाचा स्टीफन यांच्यांत गादीसाठीं युद्ध जुंपलें. वॉल्टरचा थोरला भाऊ विल्यम हा माटिल्डाच्या पक्षाचा. ११३८ सालीं स्टीफननें श्रूझबरीचा किल्ला घेतला, किल्ला लढविणाऱ्या त्यांच्या मामाला फांशी दिलें, आणि विल्यमला परागंदा व्हावें लागलें. धाकट्या भावाला तर आधींच वांट्याला थोडें. माटिल्डाचा मामा म्हणजे स्कॉटलंडचा डेव्हिड राजा. तो हेन्रीच्या दरबारांत वाढलेला आणि आपल्या राज्यांत नवी व्यवस्था आणूं पाहणारा. त्याला चाकरीचे लोक हवे होते, यांना जमीन हवी होती. आणि जमीन मिळाली ती कोठें? क्लाइड नदीच्या मुखाशीं, जेथें पश्चिमेकडील बेटांतून सोमरलेड याच्यासारख्या दर्यावर्दी सरदाराचें भय असे. ११६४ सालीं सोमरलेड रेन्फ्र्यूवर चालून आला आणि तेथेंच पडला. पांच घोडेस्वारांच्या चाकरीची बोली कां होती, हें यावरून ध्यानांत येतें.

बॅरो यांचा मोठेपणा या ठिकाणीं आहे. चौथ्या माल्कमच्या सनदांचें संपादन त्यांनींच १९६० सालीं केलें. म्हणून त्यांचें लिहिणें मुळावर हात ठेवून केलेलें असतें. वॉल्टरचा बाप कोण हें ठरल्यावर ते विचारतात : वॉल्टरच्या मागें कोण आले? त्याच्या दानपत्रांखालीं साक्षी कोणाच्या? आणि त्या साक्षीदारांचीं नांवें इंग्लंडांतील कोणत्या गांवांचीं? श्रॉपशर आणि त्याच्या आसपासचे कितीतरी लोक वॉल्टरच्या पदरीं आढळतात. नकाशा पाहिला तरी ही वसाहत डोळ्यांपुढें उभी राहते. रॉबर्ट क्रोक याच्या नांवानें क्रुक्स्टन, ह्यू याच्या नांवानें ह्यूस्टन, रिचर्ड वॉलेस याच्या नांवानें रिकार्टन. माँटगोमेरी घराणें ईगल्शॅमला रुजलें. धन्याला राजानें जमीन दिली, धन्यानें माणसांना दिली, आणि माणसांनीं आपलीं नांवें गांवांना दिलीं.

रिचर्ड वॉलेसचें उदाहरण विशेष विचार करण्याजोगें आहे. स्कॉटलंडचा स्वातंत्र्यवीर विल्यम वॉलेस याच कुळनांवाचा. वॉलेस म्हणजे वेल्स भाषा बोलणारा. पण तो वेल्सच्या सीमेवरून वॉल्टरबरोबर आलेला, कीं क्लाइडच्या खोऱ्यांत पूर्वींपासून नांदणाऱ्या, त्याच कुळांतली भाषा बोलणाऱ्या लोकांपैकीं? जमिनीचा पुरावा येथें एकाच बाजूनें कौल देत नाहीं. विल्यमच्या बापाचें नांव आंधळ्या हॅरीच्या काव्यांत माल्कम आहे. परंतु १२९७ सालीं ल्यूबेक शहरास पाठविलेल्या पत्रावरील त्याच्या मुद्रेंत तो स्वतःला ॲलनचा पुत्र म्हणवितो. येथेंही काव्य एक सांगतें आणि मुद्रा दुसरें. जो पुरुष सगळ्या राष्ट्राचा आदर्श झाला, त्याच्या बापाचें नांवही मेणाच्या शिक्क्यावरून दुरुस्त करावें लागलें.

जमिनीच्या पत्रांची आणखी एक देणगी आहे. भाटांच्या वंशावळींत बहुधा पुरुषच असतात. दानपत्रांत स्त्रिया भेटतात. वॉल्टरची पत्नी एश्चिना ही रॉक्सबरो परगण्यांतील मो या जमिनीची स्वतः वारस होती, आणि तिनें स्वतःच्या नांवानें पेझ्लीच्या मठास दान केलें. तिच्या एका दानपत्रांत मार्गारेट नांवाच्या कन्येचा उल्लेख येतो. कोणत्याही राजवंशाच्या रांगेंत या मुलीला जागा नाहीं. आईनें तिच्यासाठीं जमीन दिली म्हणून तिचें नांव आठशें वर्षें उरलें. आणि पेझ्लीच्या मठाच्या नांवांत मिलबर्गेच्या शेजारीं मिरिन हा स्थानिक संत आहे, हेंही विसरतां कामा नये. आलेल्यांनीं आपली संतीण आणली; पण जमिनीवर आधींच ज्याचें ठाणें होतें, त्याला त्यांना मान द्यावा लागला. त्या गांवचा फुटबॉलचा संघ अजूनही मिरिनचेंच नांव लावतो.

तरीपण या पुराव्याची मर्यादा उघड आहे. ज्यांना देण्यासारखी जमीन होती त्यांचींच नांवें दानपत्रांत येतात. ज्या कुणब्यांनीं रेन्फ्र्यूची जमीन कसली, जे जमिनीबरोबर एका हातांतून दुसऱ्या हातांत दिले गेले, त्यांची वंशावळ कोणत्याही मठानें जपली नाहीं. मुळाचा अभिमान हा अशा रीतीनें कागद टिकलेल्यांचा अभिमान असतो. कूळ तर प्रत्येकाला असतेंच.

मग बँकोचें काय करावयाचें? आमच्या मतें त्याला रंगभूमीवर राहूं द्यावें. शेक्सपिअरनें त्याला दिलेली तोलदार बुद्धि, भविष्य ऐकूनही हात न मळविण्याचा त्याचा संयम, आणि मॅक्बेथच्या भोजनसमयीं त्याचें रिकाम्या आसनावर येऊन बसणें, हीं बोईसच्या पुराव्यावर अवलंबून नाहींत. वंशावळ खोटी ठरली म्हणून नाटक उणें होत नाहीं. परंतु नाटक थोर आहे म्हणून वंशावळ खरी होत नाहीं, हेंही तितक्याच ठामपणें म्हटलें पाहिजे. या दोहोंची गल्लत करणाऱ्याला ना काव्य कळलें, ना इतिहास.

हा निबंध आपल्या घरांतून वाचला जावा असें आम्हांस वाटतें त्याचें कारण हें आहे. आपणांतही देशमुख, कुळकर्णी, फडणीस, चिटणीस हीं नांवें स्ट्युअर्टासारखींच हुद्द्यांवरून आलेलीं आहेत, आणि आपल्याकडेही हुद्दा मिळाल्यावर त्याच्या मागें सूर्यवंश नाहीं तर चंद्रवंश जोडून देणारे लेखक कमी नव्हते. राउंड यांचा ग्रंथ निघण्याच्या तीनच वर्षें आधीं, १८९८ सालीं, वि. का. राजवाडे यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' यांचा पहिला खंड प्रसिद्ध करून अस्सल पत्रांवांचून इतिहास नाहीं, हा आग्रह महाराष्ट्रांत धरला. तो आग्रह विद्वानांनीं मानला. घराघरांतून अजून पुरता मानला गेलेला नाहीं. आपल्या घरांतील जुन्या सनदा, महजर, वांटणीपत्रें हीं वाळवीच्या स्वाधीन करून छापील कुलवृत्तांतांतील पहिलें पान मात्र फ्रेमींत लावणारी मंडळी आजही आढळते.

राउंड यांचा निबंध वाचण्यास सोपा नाहीं. नांवांची गर्दी आहे, लॅटिन उतारे आहेत, आणि लेखक वाचकाची मनधरणी मुळींच करीत नाहीं. बॅरो यांचा ग्रंथ त्यामानानें सुगम व समतोल आहे. ज्याला एकच वाचावयाचा असेल त्यानें बॅरो वाचावे. परंतु पुरावा पायरीपायरीनें कसा चढत जातो हें ज्याला पाहावयाचें असेल, त्यानें राउंड यांचीं तीं थोडीं पानें कागद-पेन्सिल घेऊन, नांवें आणि गांवें टिपून ठेवीत, सावकाश वाचावीं. इतिहासाच्या आणि इंग्रजी वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांस तर 'मॅक्बेथ' नंतर लगेच हा निबंध वाचावयास लावावा, अशी आमची शिफारस आहे.